गव्हाण भरली की येईन

मी गव्हाण बोलतेय. बोलायची मला सवय नाही, कारण माझं तोंड जन्मापासून भरलेलंच. कधी कडब्यानं, कधी कुटारानं, आणि मधली काही वर्षं तर फाटक्या चपलांनी अन् सायकलच्या जुन्या ट्यूबांनी. भरल्या तोंडानं बोलू नये असं माणसं पोरांना शिकवतात, ते मी आजवर पाळलं. आज तोंड रिकामं आहे, म्हणून बोलून घेते.

माझं नाव तुम्ही दोन ठिकाणी ऐकलं असेल. एक म्हणीत : गव्हाणीतलं कुत्रं, स्वतः खाईना अन् बैलाला खाऊ देईना. कुत्र्यानं केलेल्या उद्योगात माझं नाव उगाच बद्दू झालं. दुसरं डिसेंबरात, चर्चमध्ये. तिथं माझं नाव निघालं की माणसं डोळे मिटून मान खाली घालतात. ज्यांनी जन्मात कधी गोठा झाडला नाही, तेसुद्धा.

मी सागाची. माझं लाकूड मेळघाटातलं, सेमाडोहच्या बाजूचं. मूर्तिजापूरजवळच्या एका खेड्यात बुधाजी सुतारानं मला घडवलं. त्या गावात बाकीच्यांच्या गव्हाणी मातीच्या, जागच्या जागी लिंपलेल्या. पण पुंजारामला हलवता येईल अशी गव्हाण पाहिजे होती, कारण त्याच्या गोठ्याचं छप्पर दरसाल नव्या जागी गळायचं. बुधाजी मोठा तऱ्हेवाईक माणूस. माझी कड तासून झाली की तो स्वतःची मान तिच्यावर ठेवायचा आणि इकडून तिकडे घासून बघायचा. जरा टोचलं की पुन्हा रंधा. असं त्यानं दोन दिवस केलं. बायको म्हणाली, "बैलासाठी करून राहिले का सोतासाठी?" बुधाजी म्हणाला, "बैल सांगू शकत नायी ना वो, कोठी रुतते ते."

पुंजाराम ख्रिस्ती होता. रविवारी चर्चमध्ये ढोलकी वाजवायचा आणि बाकीचे सहा दिवस हिऱ्या अन् पाखऱ्या या दोन बैलांमागं चालायचा. त्याची एक रीत होती, ती दुसऱ्या कुणाच्या घरी मी पाहिली नाही. नाताळच्या आदल्या दिवशी त्याच्या घरात आधी बैल जेवायचे. सरकी, ढेप, वर गुळाचा खडा, असं सगळं माझ्यात यायचं. बैलांनी तोंड वर केलं की मग घरातल्यांची ताटं. गाव हसायचं. "पुंजाराम वर्षातून दोन पोळे करते," असं म्हणायचं.

त्याची धाकटी लेक सरोजिनी. तिला भूक दम धरू द्यायची नाही. एका वर्षी ती माझी कड धरून रडकुंडीला आली. "बाबा, आधी बैल काहून?"

पुंजाराम माझ्याशेजारी उकिडवा बसला. म्हणाला, "पाय बाई, देव जन्माले आला तं त्याले जागा कोठी भेटली? राजाच्या घरी नायी, पाटलाच्या घरी नायी. गव्हाणीत. जिथं भुकेलं जनावर तोंड घालते तिथं. म्हणजे तो भुकेल्याचं खाणं होऊन आला. आता गव्हाणीत असलेली वस्तू जपून ठेवते काय कोणी?"

पोरीला किती कळलं कोण जाणे. तिचं लक्ष गुळाकडे होतं. मला मात्र कळलं, आणि तेव्हापासून मी स्वतःला जरा बरी समजू लागले.

दिवस पालटले. आधी गावाजवळून जाणारी शकुंतला आगगाडी बंद पडली, मग बैल गेले, ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरला माझा काय उपयोग? माझ्यात कांदे आले, मग चपला आल्या, मग त्या ट्यूबा आल्या. एक पाय मोडला. पुंजाराम देवाघरी गेल्यावर त्याच्या मुलांनी वाटणी केली. सरोजिनी तोवर जिल्हा परिषदेच्या शाळेतली बाई झाली होती, बडनेऱ्यात राहत होती. तिला विचारलं, तुला काय पाहिजे? ती म्हणाली, "मले गव्हाण द्या." भाऊ हसले. हसत हसतच त्यांनी मला मिनीडोअर टेम्पोत चढवून दिलं.

बडनेऱ्याला बाईंच्या शेजारी कुर्बानभाई राहतात. लाकडाचं काम करतात, नाताळात चांदण्यांचे सांगाडे अन् संक्रांतीला पतंग हा त्यांचा जोडधंदा. त्यांनीच माझा पाय बसवला. बसवताना माझ्या कडेवरून हात फिरवला आणि थांबले. "बाई, ये जिसने बनाया, उसने बैल से पूछ के बनाया." बुधाजी असता तर खूश झाला असता.

मग दरसाल एक डिसेंबर आला की बाई मला ओल्या फडक्यानं पुसायच्या आणि ओसरीत दाराजवळ मांडायच्या. माझ्यात बाहुली वगैरे नसायची. पुंजारामचा एक जुना पांढरा दुपट्टा होता, त्याची बाळाएवढी घडी करून चोवीस तारखेच्या संध्याकाळी माझ्यात ठेवायच्या. तोवर मी रिकामी.

बाई निवृत्त झाल्या, पण शाळा काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. त्यांच्या घरी नाताळातल्या प्रत्येक वस्तूला एक धडा असायचा. कुर्बानभाईंनी कामट्यांची चांदणी आणून दारावर टांगली की बाई त्यांच्या बायकोला, हलीमाबीला, समजावून सांगायच्या. "हलीमा, ही शोभेची नसते. लांबून आलेल्या माणसाले दार सापडावं म्हणून असते. म्हणून चांदणी लावली की दार बंद नायी ठेवायचं." करंजी तळताना म्हणायच्या, "सारण वरून दिसत नायी, पण करंजीची सगळी किंमत त्याचीच. माणसाचंही तसंच." हलीमाबी हातातली करंजी तोंडाजवळ नेऊन थांबलेली असायची. "टीचरबाई, आधी खाऊ तं द्या. परीक्षा मंग घ्या."

दोघींचं असं चालायचं. मला ऐकायला आवडायचं. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. बाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या. स्वतःची वही त्यांनी कधी कुणापुढं ठेवली नाही.

चार वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा रोहित काविळीनं गेला. घरात बाई, सून रश्मी आणि लहानगी नात स्वराली उरल्या. रश्मी नर्स. वर्ष व्हायच्या आत तिला पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात नोकरी लागली. जायचं ठरलं तशी ती पिशवी घेऊन ओसरीत आली, माझ्यापासून दोन हातांवर. पाया पडायला वाकली. बाई मागं सरकल्या.

"नवरा जाऊन वर्ष नायी झालं, अन् तुले पुण्याची हवा लागली," बाई म्हणाल्या. "जाय. पण ह्या दारात पुन्हा पाय नको ठेवू."

खरं सांगते, बाई तशा वाईट नाहीत. मुलगा गेला, आता सून चालली, घरात फक्त भिंती उरणार, या भीतीनं त्या बोलल्या. पण भीती पोटात राहिली आणि बाहेर आले ते हे शब्द. रश्मीनं मान हलवली आणि ती गेली. नर्सांच्या होस्टेलात पोरीला ठेवता येत नव्हतं, म्हणून स्वराली आजीकडेच राहिली.

रश्मीनं सासूचा शब्द तंतोतंत पाळला. दिवाळीत, मे महिन्यात ती बडनेरा स्टेशनावर उतरायची. हलीमाबी पोरीला तिथं नेऊन द्यायची आणि मायलेकी तिथूनच मूर्तिजापूरला, रश्मीच्या माहेरी जायच्या. फोन यायचा तोही हलीमाबीच्या मोबाइलवर. चांदणी दोन नाताळ दारावर लागली, दार उघडं राहिलं, आणि एका माणसाला मात्र ते बंद होतं. बाईंच्या या धड्याबद्दल हलीमाबी कधी बोलली नाही. गप्प बसून करंजी खायची.

गेल्या वर्षी स्वराली आठ वर्षांची झाली. एक डिसेंबरला बाईंनी मला मांडलं आणि संडेस्कूलच्या पोरांना लावून दिलेला एक खेळ तिलाही लावून दिला. रोज चांगली कामं करायची. एक चांगलं काम, गव्हाणीत गवताची एक काडी. पंचवीस तारखेपर्यंत बाळासाठी बिछाना तयार झाला पाहिजे.

"अन् भरली की?" स्वरालीनं विचारलं.

बाई तुरीची डाळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गव्हाण भरली की येईन."

आता इथंच घोटाळा झाला, आणि तो आमच्या वऱ्हाडातच होऊ शकतो. पुण्याकडे 'तो येईल' म्हणतात, आमच्याकडे 'तो येईन'. 'ती येईन' हेही तेच. कोण येणार हे क्रियापद सांगत नाही, ते ऐकणाऱ्यानं आपल्या मनातून घालायचं. बाईंच्या मनात प्रभू होता. पोरीच्या मनात तिची आई होती.

मला हे त्याच संध्याकाळी कळलं. स्वरालीनं पहिली काडी टाकली, मग माझ्यात तोंड घालून हळूच म्हणाली, "गव्हाणबाई, लवकर भर बरं. आईले रिझर्वेशन करा लागते."

माझ्या अंगावर काटा आला. लाकडाला येतो तसा. आणि मी काही करू शकत नव्हते. तीन हात लांब मी, चांगली वीतभर खोल. दोन बैलांच्या भुकेच्या मापाची. तिच्यात एक-एक काडी टाकून आठ वर्षांची पोर ती कशी भरणार?

मराठीत काडीला मान नाही. ज्याला अक्कल नाही त्याला काडीची अक्कल नाही म्हणतात, नवरा-बायकोचं तुटलं की काडीमोड म्हणतात, भांडण लावणाऱ्याला काड्या करणारा म्हणतात. पण त्या डिसेंबरात स्वरालीनं एकेका काडीसाठी काय काय केलं ते मी पाहिलं. डोक्याला तेल लावताना रडली नाही : एक काडी. कुर्बानखालूच्या कारखान्यातला भुसा झाडला : एक काडी. वर्गातली सीमा तिला मुळीच आवडत नव्हती, तिला स्वतःचं नवं खोडरबर दिलं, आणि घरी येऊन आधी खोडरबरासाठी रडली आणि मग काडी टाकली. ती मला सगळ्यात जड लागली.

पंधरा तारीख उलटली. माझा तळही धड झाकला नव्हता. पोरीनं वाकून पाहिलं आणि तिचा धीर सुटला. मग चांगल्या कामांची नुसती धांदल. तिनं एकच ताट तीनदा धुतलं. तीन घरांचे वाळत घातलेले कपडे ओलेच काढून घड्या करून ठेवले. गल्लीतल्या बायका ओरडत आल्या. बाईंनी सगळ्यांची माफी मागून त्यांना घालवलं आणि पोरीला बोलल्या, "असं घाईघाईनं चांगलं नसते होत, बाई." पण घाई कशाची, हे काही विचारलं नाही.

बावीस तारखेच्या दुपारची गोष्ट. तोवर सत्तेचाळीस काड्या झाल्या होत्या. पोर शाळेत, बाई आत स्वयंपाकघरात करंज्या लाटत होत्या. हलीमाबीची बकरी रानी तीन दिवसांपूर्वीच व्याली होती. दोन पिल्लं सारखी अंगाला लागलेली, बकरीची भूक वखवखलेली. हलीमाबी चक्कीवर गेली आणि रानीनं दाव्याला हिसडा दिला. चांदणीखालचं दार उघडंच होतं. रानी आत आली. माझ्याकडे पाहिलं. गव्हाण ओळखायला जनावराला शाळेत जावं लागत नाही.

खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. कितीतरी वर्षांनी माझ्यात एक ऊन ऊन श्वास आला, खरखरीत जीभ फिरली, बुधाजीनं गोल केलेल्या कडेवर एक मान टेकली. मी बैलांच्या काळात गेले. आणि पुढच्याच क्षणी मला त्या पोरीची आठवण झाली. पण मी गव्हाण, मला झाकण नाही. रानीनं शेवटची काडी, बहुतेक खोडरबराची, तोंडाच्या कोपऱ्यातून आत ओढली आणि समाधानानं माझ्याकडे बघत उभी राहिली.

स्वराली शाळेतून आली ती त्याच वेळी.

तिची किंकाळी ऐकून बाई पिठाच्या हातांनी बाहेर धावल्या. पोर माझी कड दोन्ही हातांनी धरून आत पाहत होती.

"सगळ्या खाल्ल्या! सगळ्या! आता आई नायी येणार!"

"अवो, रडू नको," बाई म्हणाल्या, "नव्या काड्या आणू... कोण नायी येणार?"

"आई! तूच म्हणे, गव्हाण भरली की येईन. आता परवा चोवीस तारीख. आता कशी येईन ती?"

बाईंच्या हाताचं पीठ लुगड्याला लागलं, तेही त्यांना कळलं नाही. बावीस दिवस पोरगी आपल्या डोळ्यांसमोर कशासाठी धडपडत होती, ते त्यांना आत्ता दिसलं. आणि ती आई का येत नाही, हे तर त्या घरात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मला ती कुत्र्याची म्हण आठवली. मनात ती कुणाला लावली ते मी सांगणार नाही, मीही त्याच घरातली आहे.

तेवढ्यात हलीमाबी दळण घेऊन परतली. रानीला ओसरीत पाहून तिनं कपाळावर हात मारला. "या अल्ला! माही बकरी! माफ कर वो पोरी, लेकुरवाळी हाय, तिले भूक आवरली नायी." ती धावत घरी गेली आणि गवताची अख्खी पेंढी उचलून आणली. "घे, पुरी भरून देतो तुही गव्हाण. पाय, कशी काठोकाठ भरते!"

"नको!" स्वराली ओरडली. "ते माझं काम नायी. ते चालत नायी."

बाई हळूच खाली बसल्या. माझ्याशेजारी, उकिडव्या. अगदी पुंजाराम बसायचा तशा. त्यांनी माझ्या कडेवर हात ठेवला.

मग म्हणाल्या, "स्वरा, इकडे ये. माझे बाबा नाताळच्या आदल्या दिवशी आधी बैलाले जेवू घालायचे. मी त्यांच्यासंग भांडायची. ते म्हणायचे, गव्हाणीत असलेली वस्तू जपून नायी ठेवत. ती भुकेल्याची असते. मी लहान होती, मले नायी समजलं. मोठी झाली, पोट्ट्यायले शिकवलं, तरी नायी समजलं. मी तुले गव्हाण भराले लावली. अवो, देव काय गव्हाण भरायची वाट पाहते? ती रिकामी होती म्हणून तं त्याले जागा भेटली."

पोर हुंदके देत ऐकत होती. "मंग माझ्या काड्या वाया गेल्या?"

हलीमाबीनं पेंढी खाली ठेवली. आत्तापर्यंत बाई धडे द्यायच्या आणि ती ऐकायची. त्या दिवशी उलटं झालं. ती घरी गेली, आणि थोड्या वेळानं पितळेच्या पेल्यात बोटभर दूध घेऊन आली. "पिल्लायचं आहे, पण इतकं चालते. पी. ह्या तुह्या काड्याच हायेत. वाया कोठी गेल्या? तिकडे दोन पिल्लं पिऊन राहिली."

स्वरालीनं पेल्यात पाहिलं, दाराकडे पाहिलं, एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं. "खोडरबरासारखं लागते," ती म्हणाली.

बाईंना हसू आलं आणि हसता हसता त्या रडू लागल्या. रोहित गेला तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. मग त्यांनी पदरानं डोळे पुसले, हलीमाबीच्या पेंढीतून एक काडी उपसली आणि माझ्यात टाकली.

"आजी, तू काय चांगलं काम केलं?" स्वरालीनं लगेच विचारलं. हिशेबात ती आजीचीच नात.

"अजून नायी केलं," बाई म्हणाल्या. "आता करून राहिली."

हलीमाबी समजली. तिनं आपला मोबाइल पुढं केला. बाईंनी मान हलवली. "नको. माझ्याच फोनवरून होईन हे काम."

रश्मीचा नंबर त्यांच्या फोनात होता. दोन वर्षांत लावला नव्हता, पण पुसलाही नव्हता. पोरीलाही ऐकू यावं म्हणून बाईंनी फोन माझ्या कडेवर ठेवून स्पीकरवर लावला. घंटा वाजत राहिली. मग आवाज आला, घाबरलेला.

"आई? स्वरालीले काय झालं?"

"स्वराली बरी आहे." हजार पोरांना वाचायला शिकवलेल्या त्या बाईला चार शब्द जुळवता येईनात. "रश्मी, मी तुले जाताना जे बोलली... ते माझं चुकलं. मले भीती वाटली होती, घर रिकामं होईन म्हणून. अन् मीच ते रिकामं केलं. मले माफ कर, बाई. चांदणी दारावर लावली आहे. तू ये."

स्वराली फोनला कान लावून बसली. हलीमाबी ओठ हलवत काहीतरी पुटपुटत होती, तिची दुवा असावी. रानीसुद्धा रवंथ थांबवून उभी होती, असं मला वाटलं. पण तिच्याबद्दल मी फार चांगलं बोलणार नाही.

"चोवीसची ड्युटी आहे मले," रश्मी म्हणाली. "संध्याकाळी सुटली की पाहतो, गाडी भेटते का." आणि मग, एवढा वेळ वाट पाहायला लावून, तिनं एकच शब्द म्हटला.

"येईन."

आमच्याकडे त्याचा अर्थ तो येईल, ती येईल. पुण्यात त्याचा अर्थ मी येते. रश्मी आता पुण्याचीही झाली होती, आमचीही होती. ओसरीतल्या सगळ्यांना तो बरोबर कळला.

पंचवीस तारखेच्या सकाळी, चर्चला निघायच्या आधी, रिक्षा थांबली. रश्मी उतरली, चांदणीखाली आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली. शब्द पाळणारी पोर ती. पाय आत टाकेना. बाई नव्या पातळात तयार होऊन उभ्या होत्या. त्या पुढं झाल्या आणि स्वतःच उंबरा ओलांडून बाहेर गेल्या. सुनेच्या हातातली पिशवी घेतली, तिचा हात धरला आणि दोघी बरोबर आत आल्या.

स्वराली आईच्या कमरेला मिठी मारून लोंबकळत होती. रश्मीनं वाकून माझ्यात पाहिलं. पुंजारामच्या दुपट्ट्याची घडी ठेवलेली होती, आणि तिच्याखाली एक काडी.

"एकच?" तिनं विचारलं.

"ती आजीची आहे," स्वराली म्हणाली. "माझ्या बकरीनं खाल्ल्या."

त्या गोष्टीला आता वर्ष होत आलं. गोष्टीत सगळं गोड झालं असं समजू नका. जूनमध्ये रश्मीनं पुण्यात खोली घेतली आणि स्वरालीला शाळेत घालायला घेऊन गेली. न्यायलाच पाहिजे होतं. बाईंनीच तिचं दप्तर भरलं, स्टेशनवर पोहोचवायला गेल्या, परत आल्या, आणि ओसरीत माझ्याशेजारी बसून राहिल्या. ज्या रिकाम्या घराला त्या भ्यायच्या, ते घर शेवटी आलंच. पण आता रोज संध्याकाळी त्यांचा फोन वाजतो. त्यांचा स्वतःचा.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कुर्बानभाईंना बोलावलं आणि मला त्यांच्या अंगणात नेऊन ठेवायला लावलं. "रानीले वापरू द्या," म्हणाल्या. कुर्बानभाई म्हणाले, "बाई, इतनी पुरानी चीज, खराब हो जाएगी." बाई म्हणाल्या, "खराब व्हायलाच बनवली आहे ती." तेव्हापासून सहा महिने मी कामात आहे. रानी खाते, तिची पिल्लं खातात, एक पिल्लू तर माझ्यात झोपतं. म्हातारपणी याहून काय पाहिजे?

काल कुर्बानभाईंनी मला धुऊन परत बाईंच्या ओसरीत आणून ठेवलं. दारावर चांदणी लागली आहे. उद्या करंज्या. माणसांना माझं एवढंच सांगणं आहे : नाताळात मला सजवा, हरकत नाही, दिवे लावा, चमकी लावा. पण मला काचेच्या कपाटात ठेवू नका आणि तुमच्या चांगुलपणानं काठोकाठ भरायची घाई करू नका. थोडी जागा राहू द्या. कुणीतरी भुकेलं येणार असतं.

आत्ताच बाईंचा फोन वाजला. त्यांनी तो सवयीनं माझ्या कडेवर ठेवला, स्पीकरवर. पुण्याहून स्वरालीचा आवाज आला. "आजी, गव्हाण मांडली? किती भरली?"

बाईंनी वाकून माझ्यात पाहिलं.

"रिकामी आहे वो बाई. एक काडी नायी."

"मंग?"

बाई हसल्या. "तरी येईन," म्हणाल्या.